१०८ येईपर्यंत

परतवाडा, मोर्शी, दर्यापूर, मूर्तिजापूर इथून पहाटेच्या एसटीने अमरावतीला किंवा अकोल्याला दवाखान्यासाठी निघालेला माणूस बहुतेक वेळा उपाशी असतो. डॉक्टरकडे जायचं म्हणजे पोटात काही नको, हे त्याने मनाशी धरलेलं असतं. मधुमेह असेल तर साखरेची गोळी मात्र त्याने घेतलेली असते, कारण ती चुकवू नका असं त्याला दहादा बजावलेलं असतं. दाताच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अकरा वाजतात. खुर्चीवर बसल्याबसल्या कपाळावर घाम येतो, हात थरथरतात, बोलणं तुटक होतं. सोबतचा पोरगा म्हणतो, "बाबा घाबरले."

डॉक्टरांनाही क्षणभर तसंच वाटू शकतं. भीतीचा घाम आणि साखर उतरल्याचा घाम दिसायला सारखाच. फरक कळतो तो बोटाच्या टोकाचा एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर ठेवल्यावर. आकडा सत्तरच्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. मग शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा स्नायूत ग्लुकॅगॉन. यातलं काहीही अवघड नाही. पण ग्लुकोमीटर घरी राहिला असेल आणि डेक्स्ट्रोज रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये असेल, तर हीच सोपी गोष्ट जिवावर बेतते. शिवाय आपल्याकडे उपाशी येणाऱ्यांना निमित्तं थोडी नाहीत. चतुर्थी आहे, एकादशी आहे, श्रावणातले सोमवार, नवरात्र आणि रमजानचा महिना. अकोल्यातल्या किंवा अचलपुरातल्या दाताच्या डॉक्टरने भिंतीवरची दिनदर्शिका केवळ सुट्ट्यांसाठी पाहू नये.

दाताच्या दवाखान्यात कुणी मरत नाही, असा आपला सर्वांचा पक्का समज आहे. लोक हृदयाच्या डॉक्टरकडे जाताना मृत्युपत्राचा विचार करतात आणि दाताच्या डॉक्टरकडे जाताना दुपारच्या जेवणाचा. समज बराचसा खराही आहे. पण तिथे काहीच घडत नाही असं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ४,३०९ दंतवैद्यांना दहा वर्षांतले प्रसंग विचारले गेले, तेव्हा एकूण ३०,६०८ तातडीचे प्रसंग निघाले. दंतशास्त्रातल्या आपत्कालीन उपचारांवर ज्यांचं पुस्तक जगभर वाचलं जातं, त्या स्टॅन्ली मलामेड यांनी हे आकडे नव्वदच्या दशकात मांडले. त्यातले १५,४०७, म्हणजे निम्मे, निव्वळ भोवळ येण्याचे होते. हृदय बंद पडण्याचे ३३१ आणि तीव्र अ‍ॅलर्जीचे, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसचे ३०४. सरासरी काढली तर एका डॉक्टरच्या वाट्याला दहा वर्षांत सातेक प्रसंग येतात. सात ही संख्या फसवी आहे. सवय व्हावी इतकी ती मोठी नाही आणि विसरून जावं इतकी लहानही नाही.

भोवळीचं पाहू. इंजेक्शनची सुई दिसली की धट्टाकट्टा तरुण पांढराफटक पडतो. त्यात बायकांपेक्षा पुरुषांचा नंबर वर लागतो, हे कुठलाही दंतवैद्य हसत सांगेल. यावर औषध जवळजवळ लागतच नाही. खुर्ची आडवी करायची, पाय वर घ्यायचे, मिनिटभरात माणूस डोळे उघडतो. गर्भवती असेल तर डाव्या कुशीवर वळवायचं. पण आपल्याकडची माणुसकी नेमकी उलट धावते. नातेवाईक रुग्णाला उठवून बसवतात, तोंडावर पाणी मारतात, पाणी पाजायला जातात. अपस्माराचा झटका असेल तर कांदा नाहीतर चप्पल नाकाशी येते. झटक्यात तोंडात काही कोंबायचं नसतं आणि तोंडातलं अवजार आधी बाहेर काढायचं असतं, हे डॉक्टरला माहीत असतं. पण त्याच्या मदतनीस मुलीला कुणी सांगितलेलं असतं का? आणि एक खास इथली अडचण. आजची खुर्ची विजेवर चालते. बटण दाबल्यावर ती आडवी होते, वीज असेल तर. भारनियमनाच्या तासात इन्व्हर्टरवर दिवा आणि पंखा चालतो, खुर्ची चालतेच असं नाही. अशा वेळी माणसाला सरळ खाली फरशीवर घ्यावं लागतं, आणि त्यासाठी खुर्चीभोवती तेवढी मोकळी जागा लागते.

आता अ‍ॅड्रेनालिन. या साऱ्या विषयाचा गाभा हेच एक औषध आहे, आणि गंमत अशी की दंतवैद्याइतकं रोज ते दुसरं कुणी वापरत नसेल. जपानी रसायनतज्ज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पुढच्या काही वर्षांतच ते भुलीच्या औषधात मिसळलं जाऊ लागलं, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात, भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी जातं. आज आपल्या दवाखान्यातल्या लिग्नोकेनच्या बाटलीवर १:८०,००० असं लिहिलेलं असतं, ते या अ‍ॅड्रेनालिनचं प्रमाण. इंजेक्शननंतर छाती धडधडते आणि रुग्ण म्हणतो "रिअ‍ॅक्शन आली", ती बहुतेकदा याचीच करामत. पाच मिनिटांत ओसरते.

खरी रिअ‍ॅक्शन वेगळी. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, गळा आवळल्यासारखा होतो, श्वासाला शीळ येते, नाडी बारीक होत जाते. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ आहे; पण दवाखान्यात कारणं इतरही असतात. पेनिसिलिनच्या कुळातली प्रतिजैविकं, वेदनाशामक इंजेक्शन, लॅटेक्सचे हातमोजे, बहुडोसी बाटलीतलं मिथाइलपॅराबेन. ब्रिटनमध्ये दात काढल्यानंतरची जखम क्लोरहेक्सिडिनने धुतली आणि दोन रुग्ण दगावले, अशी नोंद तिथल्या दंतवैद्यकीय नियतकालिकात आहे. गुळण्यांसाठी घरोघरी दिलं जाणारं ते औषध!

अशा वेळी लागतं ते १:१,००० चं अ‍ॅड्रेनालिन, प्रौढाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. भुलीच्या दोन मिलिलिटरमध्ये असतात फक्त २५. वीसपट फरक. "आमच्याकडे भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनालिन आहेच की" असं जो म्हणतो त्याने हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहावा. भारतात अनेक ठिकाणी दिसणारी एक सवय तर याहून घातक. रिअ‍ॅक्शन म्हटलं की हात आधी एव्हिल या खाजेवरच्या औषधाकडे आणि स्टेरॉइडकडे जातो. दोन्ही औषधं आपापल्या जागी ठीक. पण एव्हिलने खाज कमी होते, बंद होत चाललेला गळा उघडत नाही. स्टेरॉइडला काम सुरू करायला तास लागतात. त्या रुग्णाकडे तास नसतो. अ‍ॅड्रेनालिन आधी, बाकी सगळं नंतर, हा क्रम जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत निर्विवाद आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत ते आहे, आणि एका अँप्यूलची किंमत नाक्यावरच्या दोन-तीन कप चहापलीकडे फारशी जात नाही. तेव्हा पैशांचं कारण कुणी सांगू नये.

मात्र वऱ्हाडात ते विकत घेऊन ठेवणं पुरेसं नाही. अ‍ॅड्रेनालिन २५ अंशांच्या खाली आणि उजेडापासून दूर ठेवायचं असतं. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी १४४ कलम लावावं लागलं. पत्र्याच्या छताखालच्या गाळ्यात, रविवारी एसी बंद असताना, खिडकीजवळच्या कपाटातल्या तातडीच्या औषधांच्या पेटीचं तापमान किती होत असेल? अँप्यूलवरची मुदत डिसेंबरची असली तरी आतलं औषध जूनमध्येच निकामी झालेलं असू शकतं. द्रव तपकिरी किंवा गुलाबी दिसला तर ते फेकायचं. पारदर्शक दिसला तरी उन्हाळा संपल्यावर बदलून टाकणं शहाणपणाचं. हे पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत कुणी सांगणार नाही. अकोल्याच्या डॉक्टरने स्वतःच ठरवायचं आहे.

पेटीत बाकी काय असावं, यावर अमेरिकन डेंटल असोसिएशनने २००२ मध्ये आणि ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने दिलेल्या याद्या जवळपास जुळतात: ऑक्सिजन, अ‍ॅस्पिरिन, जिभेखालची नायट्रेटची गोळी किंवा फवारा, सालब्युटामॉलचा पंप, साखर. ब्रिटनच्या यादीत झटक्यासाठी मिडाझोलाम आणि ग्लुकॅगॉन आहे, अमेरिकेच्या यादीत एव्हिलसारखं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन. सात-आठ वस्तू, बस. बाजारात तीस-तीस अँप्यूलच्या देखण्या पेट्या मिळतात. त्या घेऊन कपाटावर ठेवल्या की कर्तव्य झाल्यासारखं वाटतं. त्यातल्या निम्म्या औषधांची मात्रा विचारली तर बहुतेक दंतवैद्यांना पुस्तक उघडावं लागेल. जे औषध द्यायला हात धजणार नाही ते पेटीत नसलेलंच बरं. घाईत तेच हाताला लागतं. नायट्रेटच्या बाबतीत एक प्रश्न बायको-मुलांना बाहेर पाठवून विचारायचा असतो: गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली का? दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब कोसळतो. केसपेपरवर हे कुणी आपणहून लिहीत नाही.

ऑक्सिजनबद्दल अमरावतीला वेगळं सांगायला नको. कोविडच्या दुसऱ्या लाटेत राज्यात सर्वांत आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये टाळेबंदी लागली ती अमरावती आणि अचलपुरात. तेव्हा घेतलेली कॉन्सन्ट्रेटर यंत्रं आज अनेकांच्या माळ्यावर पडून आहेत, आणि तीच दवाखान्यात आणून ठेवू असा विचार काहींच्या मनात येतो. ते यंत्र मिनिटाला पाच, फार तर दहा लिटर देतं आणि विजेवर चालतं. तातडीच्या प्रसंगी मिनिटाला पंधरा लिटर लागतात. त्यासाठी सिलिंडरच हवा. ३४० लिटरचा छोटा सिलिंडर या वेगाने बावीस मिनिटं पुरतो.

ही बावीस मिनिटं लक्षात ठेवावीत. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, तेव्हा शहरात वीस आणि ग्रामीण भागात तीस मिनिटांत पोहोचण्याचं उद्दिष्ट होतं. म्हणजे अगदी सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी दर्यापूर किंवा बार्शिटाकळीच्या दवाखान्यात सिलिंडर आधी संपतो आणि गाडी नंतर येते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना यांच्या दरम्यान एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, त्याचा वऱ्हाडाला योग्य तो अभिमान आहे. रस्ता गुळगुळीत असला की गाडी लवकर येईल, हेही खरं. पण थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. पहिली पाच मिनिटं खुर्चीजवळ उभ्या असलेल्या दोन-तीन माणसांचीच असतात: डॉक्टर, मदतनीस आणि बाहेर पैसे घेणारा मुलगा. धारणीहून अमरावतीला घाट उतरून दीडशेक किलोमीटर आलेल्या रुग्णाला तर आणखी पुढे कुठे न्यायचं, हा प्रश्नच उरत नाही. तो जिथे आला आहे तिथेच त्याला सांभाळायचं असतं. त्या पट्ट्यातल्या आणि एकूण विदर्भातल्या रुग्णांत सिकलसेलही लक्षात ठेवावा लागतो. जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची तूट या तिन्हींनी त्याचा तीव्र त्रास उफाळू शकतो, आणि दुखऱ्या दाढेने चार दिवस न जेवलेल्या माणसात पहिल्या दोन तर आधीच हजर असतात.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला हा ऐवज विदर्भाच्या पानठेल्यावर जितका सहज मिळतो तितका महाराष्ट्रात इतरत्र दिसत नाही. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. त्याने तोंडं उघडी राहिली असं कुणी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं सुपारी चघळून तोंडातली त्वचा ताठ होते आणि माणसाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. दात काढायला तो त्रास आहेच. पण अशा माणसाचा श्वास थांबला, तर श्वासमार्गात नळी घालायला आलेल्या डॉक्टरचीही परीक्षा असते. म्हणून तोंड किती उघडतं हे उपचाराआधी पट्टीने मोजून केसपेपरवर लिहिणं, आणि १०८ ला फोन करतानाच ते सांगणं, ही वऱ्हाडातल्या दवाखान्याची स्वतःची गरज आहे. लंडनच्या यादीत ती सापडणार नाही.

मग नियम काय म्हणतो? दवाखान्यातल्या रक्ताळलेल्या कापसासाठी कोणत्या रंगाची पिशवी, हे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम सांगतात आणि त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. एक्स-रे यंत्राची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. दोन्ही योग्यच. पण त्याच खोलीत अ‍ॅड्रेनालिन आहे का, हे पाहायला कुणी येत नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे चालतो तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, आणि त्याचा रोख खाटा असलेल्या रुग्णालयांवर आहे. एका खुर्चीचा दवाखाना त्याच्या जाळ्यातून अलगद सुटतो. डॉक्टर पिवळ्या पिशवीसाठी दंड भरेल, रिकाम्या सिलिंडरसाठी नाही, अशी ही व्यवस्था आहे.

ब्रिटनमध्येही हे आपोआप सुधारलं नाही. दाताच्या दवाखान्यांत संपूर्ण भूल देताना मृत्यू झाले, त्यावर २००० मध्ये अहवाल आला, आणि २००१ संपता संपता रुग्णालयाबाहेर अशी भूल देणं तिथे बंद झालं. आज तिथल्या दंत परिषदेची अपेक्षा अशी की रुग्णावर उपचार चालू असताना आपत्कालीन प्रसंग हाताळू शकतील अशी किमान दोन माणसं दवाखान्यात हजर असावीत, आणि प्रत्येकाने दर वर्षी निदान दोन तास त्याचं प्रशिक्षण घ्यावं. युरोपच्या २०२१ च्या सूचना तर इतक्या बारीक आहेत की हृदय थांबलं तर खुर्चीच्या पाठीखाली स्टूल सरकवून ती स्थिर करा आणि तिथेच छाती दाबायला सुरुवात करा, असं त्यांत लिहिलेलं आहे. स्टूल प्रत्येक दाताच्या दवाखान्यात असतंच. डॉक्टर त्यावरच बसलेला असतो.

भारतात शिकायला साधनं नाहीत असंही नाही. भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फक्त छाती दाबून जीव वाचवण्याची सोपी पद्धत सामान्य माणसासाठी मांडली: मिनिटाला १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. दवाखान्याच्या दारातला मुलगाही ती एका दुपारी शिकू शकतो. अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे. दंतवैद्यांच्या संघटनेच्या शाखा दोन्ही शहरांत आहेत. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना शिक्षणाचे गुण जमवावे लागतातच. त्यातले काही गुण व्याख्यान ऐकून आणि जेवून मिळण्याऐवजी पुतळ्यावर प्रत्यक्ष हात चालवूनच मिळतील, एवढं महाराष्ट्राच्या दंत परिषदेने ठरवलं तर नव्या कायद्याचीही गरज उरणार नाही. शिबिरांचं मात्र आजच ठरवता येईल. गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मांडव घालून एका सकाळी पन्नास दात काढायचे आणि जवळ ऑक्सिजन नाही, अशी शिबिरं कुणाच्याही वाढदिवसाला होऊ नयेत. तपासणी करा, ब्रश वाटा. दात दवाखान्यात काढा.

रुग्णाच्याही काही गोष्टी हातात आहेत. "डागदर, दात काहाडला तं डोयानं कमी तं दिसनार नाई ना?" हा प्रश्न वऱ्हाडात हमखास विचारला जातो, आणि त्याचं उत्तर नाही असंच आहे. दाताचा आणि नजरेचा तसा संबंध नाही. त्याच धिटाईने दुसरे दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: तुमच्याकडे ऑक्सिजन आहे का, आणि रिअ‍ॅक्शनचं इंजेक्शन कुठे ठेवलंय? चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणावीत, नावं तोंडपाठ असण्याची गरज नाही. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करून येऊ नये. त्याने दातापेक्षा मोठं संकट ओढवतं.

आणि मुदत संपणाऱ्या औषधांचं काय, असं डॉक्टर विचारतात. वर्षानुवर्षं न वापरता अँप्यूल फेकायला जिवावर येतं. अकोल्याच्या एकाच रस्त्यावर चार-पाच दंतवैद्य असतात. त्यांनी मिळून एक तारीख ठरवावी, जुलैचा पहिला रविवार म्हणा, उन्हाळा ओसरल्यावर. सगळ्यांनी आपल्या पेट्या एका टेबलावर उघडाव्यात, सिलिंडरचा काटा पाहावा, नवी औषधं एकत्र मागवून वाटून घ्यावीत. आणि जुन्या अँप्यूल फोडून, सिरिंजमध्ये भरून, संत्र्यावर टोचून पाहाव्यात, मदतनीस मुलींकडूनही. वऱ्हाडात संत्र्यांना तोटा नाही, आणि मांडीच्या जागी ते चांगलं काम देतं.